कामावरच्या अंगमेहनतीत किती कॅलरी जळतात? अंदाज काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिशेबाचं सूत्र शाळकरी पोरालाही जमेल इतकं सोपं आहे. तरीही एकाच माणसाच्या एकाच दिवसाचे दोघांनी काढलेले आकडे हजारभर किलोकॅलरींनी वेगळे निघतात. चूक सूत्रात क्वचित असते, घड्याळात हमखास असते. प्रत्यक्ष कष्टाचं काम किती मिनिटं झालं, हे कुणी मोजलेलंच नसतं. खालच्या उत्तरांत मिनिटांचा विषय पुन्हापुन्हा येतो तो त्यामुळेच.

कॅलरी धरायची की किलोकॅलरी?

किलोकॅलरी. खाण्याच्या बाबतीत बोलताना आपण जिला ‘कॅलरी’ म्हणतो ती खरं तर किलोकॅलरीच असते. १ किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल. कामाच्या जागेवरच्या उष्णतेची मानकं वॅटमध्ये बोलतात. तिथे १ वॅट म्हणजे तासाला ०.८६ किलोकॅलरी धरा. याहून जास्त रूपांतरं लागत नाहीत.

सगळ्यात सोपी रीत कोणती?

मेटची. स्वस्थ बसलेल्या माणसाचा ऊर्जाखर्च म्हणजे १ मेट, आणि बाकीची कामं त्याच्या इतक्या पट, तितक्या पट. ठरलेल्या व्याख्येप्रमाणे १ मेट म्हणजे वजनाच्या दर किलोमागे मिनिटाला ३.५ मिलिलिटर ऑक्सिजन. हिशेबाला एवढंच लागतं:

किलोकॅलरी = मेट × वजन (किलो) × वेळ (तास)

दुसरं एक रूपही बऱ्याच ठिकाणी दिसतं: मिनिटाच्या किलोकॅलरी = मेट × ३.५ × वजन ÷ २००. त्यात १ लिटर ऑक्सिजनमागे सरळ ५ किलोकॅलरी धरलेल्या असल्याने उत्तर पहिल्या सूत्रापेक्षा ५ टक्क्यांनी जास्त येतं. दोन्हींपैकी कुठलंही वापरा, पण एकाच कागदावर दोन्ही नकोत.

कुठल्या कामाला किती मेट, हे कुठे पाहायचं?

‘कंपेंडियम ऑफ फिजिकल ॲक्टिव्हिटीज’ नावाची यादी जगभर वापरली जाते. ती पहिल्यांदा १९९३ मध्ये आली आणि २०००, २०११ व २०२४ मध्ये सुधारली गेली. तिच्यात नोकरीधंद्यातल्या कामांचा वेगळा विभाग आहे. २०११ च्या आवृत्तीतले काही आकडे असे:

- बसून हलकं ऑफिसकाम: १.५
- उभ्याने हलकं काम (विक्री, जुळणी, फायली लावणं): ३.०
- सुतारकाम: हलकं २.५, मध्यम ४.३, जोराचं ७.०
- मध्यम जोराचं गवंडीकाम: ४.३
- सपाटीवर ताशी साधारण ४ ते ५ किलोमीटर चालणं: ३.० ते ३.५
- ११ ते २२ किलोचं ओझं घेऊन चालणं: ५.०
- २३ ते ३३ किलोचं ओझं: ६.५
- ४५ किलोच्या वरचं ओझं: ८.५
- फावड्याने माल ओढणं: मिनिटाला साडेचार किलोच्या आत ५.०, त्याहून थोडं जास्त असेल तर ६.५, सात किलोच्या पुढे आणि खोल खणाई असेल तर ८.८

आवृत्तीगणिक काही आकडे बदलले आहेत. आज काढलेल्या अंदाजाची जुन्या अंदाजाशी तुलना करायची असेल, तर दोन्ही एकाच आवृत्तीवरून काढलेले हवेत. २०२४ मध्ये साठीपुढच्यांसाठी वेगळी यादीही आली आणि तिच्यात विश्रांतीचा पाया ३.५ ऐवजी २.७ मिलिलिटर धरला आहे. साठीच्या कामगाराचा हिशेब तरुणांच्या यादीवरून करू नये.

एकाच कामाला तीन-तीन आकडे का?

कामाचं नाव खर्च ठरवत नाही, वेग ठरवतो. याच यादीतलं लाकूडतोडीचं उदाहरण फार बोलकं आहे. सव्वा किलोची तीच कुऱ्हाड मिनिटाला १९ घाव या संथ गतीने चालवली तर ५ मेट, आणि ५१ घाव या गतीने चालवली तर १७.५ मेट. अवजार तेच, हात तेच, खर्च साडेतीन पट.

म्हणून ‘हा सुतार आहे, याचा आकडा अमुक’ असं कधी करू नये. घाव, फावडी, पोती, फेऱ्या यांतलं जे मोजता येईल ते पाच मिनिटं उभं राहून मोजा आणि मग यादीतली ओळ निवडा. दोन ओळींत अडकलात तर हलकी ओळ घ्या. आठ तासांच्या पाळीत कुणीही पहिल्या अर्ध्या तासाच्या जोराने काम करत नाही.

मिनिटं मोजायची कशी?

यातच सगळी मेख आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिली रीत दहा मिनिटांच्या रकान्यांची. पाळीचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे पाडून कागदावर आडवे रकाने आखायचे. कामांचे पाच-सहाच गट करायचे: बसणं, उभं राहणं, रिकाम्या हाताने चालणं, ओझं घेऊन चालणं, उचलणं किंवा खणणं, आणि विसावा. प्रत्येक रकान्यात ज्या कामात जास्त वेळ गेला त्याचं अक्षर लिहायचं. गट दहा-बारा केले की कामगार वैतागतो आणि दुपारनंतरचे रकाने संध्याकाळी आठवून भरतो. आठवून भरलेल्या रकान्यांत जड काम नेहमी फुगतं, कारण ज्याने घाम काढला तेच लक्षात राहतं. गाडीची वाट पाहत काढलेली वीस मिनिटं कुणाला आठवतात?

दुसरी रीत अवचित पाहणीची. माणसं बरीच असतील तर ही बरी. दिवसभरातल्या आडव्यातिडव्या वेळा आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या (९:०७, ९:३१, १०:१८ अशा), त्या क्षणी माणूस काय करतोय ते पाहायचं आणि एक खूण करायची. बरोबर तासाच्या ठोक्याला पाहू नका. सुट्या आणि पाळीबदल तेव्हाच येतात आणि नोंद एकीकडे झुकते. १०० पाहण्यांत ३० वेळा माणूस ओझं वाहताना दिसला, तर ओझ्याचा वाटा ३० टक्के, पण त्यात ९ टक्क्यांची ये-जा धरावी लागते. ४०० पाहण्या केल्या तर ती ये-जा साडेचार टक्क्यांवर येते. चौपट कष्टाने चूक निम्मी होते. १५० ते २०० पाहण्यांवर थांबलं तरी चालण्यासारखं असतं.

दोन्ही रीतींत पहिल्या दिवसाची नोंद बाजूला ठेवावी. कुणी वही घेऊन उभं आहे म्हटलं की हात आपोआप झपाझप चालतात.

ओझं नेऊन रिकाम्या हाताने परत यायचं असेल तर?

जाताना एक ओळ, येताना दुसरी. यादीतला ओझ्याचा आकडा प्रत्यक्ष ओझं अंगावर असतानाचा आहे. वीस किलो घेऊन ४० सेकंद आणि परतीला ३० सेकंद रिकामं, असं चक्र असेल तर ५ मेट धरायचे ते ४० सेकंदांनाच. परतीचे ३ किंवा ३.५. तासभर ‘ओझी वाहिली’ म्हणून तासाचे ५ मेट लावणं ही फार जुनी गफलत आहे.

याउलट ‘सुतारकाम, मध्यम’ यांसारख्या ढोबळ ओळींत हत्यार उचलणं, माप घेणं, दोन पावलं चालणं हे सगळं आधीच मिसळलेलं असतं. त्यातून असे छोटे थांबे पुन्हा वजा करू नका. पाच मिनिटांहून मोठा थांबा मात्र वेगळा लिहा.

एक पूर्ण हिशेब दाखवाल का?

गोदामातला कामगार, वजन ६४ किलो, पाळी साडेआठ तासांची, म्हणजे ५१० मिनिटं. नोंदीतून निघालेली वाटणी:

- वीसेक किलोची पोती उचलून नेणं: ११० मिनिटं × ५.० = ५५०
- ढकलगाडी घेऊन चालणं: ९५ मिनिटं × ३.५ = ३३२.५
- उभ्याने मोजणी, लेबलं लावणं: १४० मिनिटं × २.५ = ३५०
- बसून नोंदी करणं: ७५ मिनिटं × १.५ = ११२.५
- सुटी आणि वाट पाहणं: ९० मिनिटं × १.३ = ११७

बेरीज १,४६२ मेट-मिनिटं. ६० ने भागून २४.४ मेट-तास, गुणिले ६४ किलो, म्हणजे साधारण १,५६० किलोकॅलरी. पाळीची सरासरी २.९ मेट पडली. (उभ्याच्या कामाला ३ ऐवजी २.५ घेतले, कारण मोजणी करणारा बराच वेळ नुसता उभा असतो. अशी सूट घेतली तर ती कागदावर लिहून ठेवा.)

आता हाच हिशेब मिनिटं न मोजता करून पाहा. ‘पोती उचलायचं काम, ५ मेट, साडेआठ तास’: ५ × ६४ × ८.५ = २,७२०. सूत्र तेच, यादी तीच, आणि फरक जवळजवळ १,१६० किलोकॅलरींचा.

आकडा बरोबर आला की नाही, हे पटकन कसं कळेल?

पाळीची सरासरी पाहा. श्रमशास्त्रात एक जुना ढोबळ नियम आहे: आठ तासांच्या कामाची सरासरी माणसाच्या कमाल ऑक्सिजन-क्षमतेच्या साधारण एक तृतीयांशापुढे जाऊ नये, गेली तर थकवा साचत जातो. ठीकठाक तब्येतीच्या माणसाची कमाल क्षमता १२ मेट धरली, तर दिवसभराची सरासरी ४ मेटपर्यंत. तुमच्या कागदावर आठ तासांची सरासरी साडेचार-पाच आली असेल, तर माणूस राक्षसी ताकदीचा आहे किंवा विसाव्याची मिनिटं नोंदीतून गळली आहेत. बहुधा दुसरंच.

हे १,५६० जेवणात वाढवून खायचे का?

नाही. यातल्या ५४४ किलोकॅलरी तो माणूस साडेआठ तास नुसता बसून राहिला असता तरी गेल्याच असत्या (१ मेट × ६४ × ८.५). कामामुळे वाढलेला खर्च म्हणजे उरलेल्या हजार-सव्वाहजाराच्या आतल्या, नेमक्या सांगायच्या तर सुमारे १,०१५. पहिल्या आकड्याला एकूण खर्च म्हणा, दुसऱ्याला निव्वळ. वाद बहुतेक या दोन शब्दांच्या घोळातूनच होतात.

दुसरा घोळ दुहेरी मोजणीचा. दिवसाची गरज काढताना ‘कामाचं स्वरूप: कष्टाचं’ हा पर्याय आधीच निवडला असेल, तर त्या गुणकात पाळीचे कष्ट आलेले असतात. त्यावर पुन्हा पाळीच्या कॅलरी चढवल्या की एकच घाम दोनदा मोजला जातो.

मग पूर्ण दिवसाचा हिशेब कसा मांडायचा?

आधी विश्रांतीचा खर्च काढा. मिफलिन-सेंट जिओर यांचं १९९० चं सूत्र सोयीचं आहे: १० × वजन (किलो) + ६.२५ × उंची (सेंमी) − ५ × वय, त्यात पुरुषासाठी ५ मिळवा, स्त्रीसाठी १६१ वजा करा. वरचा कामगार १६८ सेंटिमीटर उंच आणि ३५ वर्षांचा असेल तर १,५२० येतात.

मग २४ तासांची फोड. पाळी १,५६०. झोप आठ तास, ०.९५ मेटने ४८६. उरलेले साडेसात तास घर, प्रवास, बसणं-उठणं, सरासरी १.७ मेटने ८१६. एकूण २,८६० च्या आसपास. याला १,५२० ने भागलं की १.८८ येतं. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या तज्ज्ञगटाच्या वर्गवारीत १.४० ते १.६९ म्हणजे बैठं जीवन, १.७० ते १.९९ म्हणजे मध्यम किंवा सक्रिय, आणि २.०० ते २.४० म्हणजे कष्टाचं. २.४० च्या वर फार दिवस टिकणं अवघड असतं. तुमचं उत्तर २.८ आलं तर पुन्हा मिनिटांकडे वळा.

वजन बरंच जास्त असलेल्या माणसाला हेच सूत्र चालतं का?

चालण्या-चढण्याच्या कामाला बऱ्यापैकी चालतं, बसण्या-उभ्याच्या कामाला नाही. दर किलोमागे ३.५ मिलिलिटर हा पाया बऱ्याच जणांना मोठा पडतो. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, साडेसातशेहून जास्त प्रौढांच्या मोजमापात विश्रांतीची सरासरी २.६ मिलिलिटरच्या आसपास, म्हणजे किलोमागे तासाला सुमारे ०.८४ किलोकॅलरी निघाली. शरीरात चरबीचा वाटा वाढला की किलोमागचा विश्रांतीचा खर्च आणखी घसरतो.

उदाहरणच घ्या: ५० वर्षांच्या बाई, १६० सेंटिमीटर, ९५ किलो. मिफलिनप्रमाणे दिवसाचे १,५३९, म्हणजे तासाला ६४ किलोकॅलरी. मेटच्या व्याख्येप्रमाणे मात्र ९५. उभ्याने करायच्या २.५ मेटच्या कामाला एका हिशेबाने १६०, दुसऱ्याने २३८. अशा वेळी हलक्या कामांना वजनाऐवजी विश्रांतीच्या तासाच्या खर्चाने गुणा. जिथे स्वतःचं शरीर उचलून न्यायचं असतं, म्हणजे चालणं, जिने, ओझं, तिथे वजन राहू द्या.

एक सावधगिरी: काही याद्यांतले आकडे मेट नसून विश्रांतीच्या खर्चाच्या पटीत दिलेले असतात. ते वजनाने गुणायचे नसतात. यादीच्या डोक्यावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय आकडा उचलू नका.

एक पोतं उचलायला किती लागतात?

लोकांना वाटतं त्याहून फार कमी. २५ किलोचं पोतं जमिनीवरून ८० सेंटिमीटर वर टेबलावर ठेवलं: २५ × ९.८१ × ०.८ = १९६ ज्यूल. पण पोत्याबरोबर माणसाचं धडही वर येतं. ६४ किलोच्या माणसाचा कमरेवरचा साधारण ४२ किलोचा भाग ४० सेंटिमीटर उठतो असं धरलं तर आणखी १६५ ज्यूल. म्हणजे रिकाम्या हाताने वाकून उठणं हेही जवळजवळ पोत्याइतकंच महाग आहे.

दोन्ही मिळून ३६१ ज्यूल, ०.०८६ किलोकॅलरी. स्नायू खाल्लेल्या ऊर्जेचा थोडाच भाग प्रत्यक्ष कामात उतरवतात. सायकलवर २० ते २५ टक्के, उचलण्याच्या कामात त्याहून कमी. १२ ते १७ टक्के धरले तर एका पोत्याला अर्धी ते पाऊण किलोकॅलरी. दोनशे पोत्यांना १०० ते १५०. यावरून कामाच्या मांडणीबद्दलही काही कळतं: माल जमिनीवर न ठेवता गुडघ्याच्या उंचीवर ठेवला की पोत्याचं वजन न बदलताही खर्च उतरतो, कारण धड कमी वाकतं.

जिने?

तीच रीत. ६४ किलोचा माणूस १५ किलो सामानासह ३ मीटरचा मजला चढला: ७९ × ९.८१ × ३ = २,३२५ ज्यूल, म्हणजे ०.५६ किलोकॅलरी. २० ते २५ टक्के कार्यक्षमतेने सव्वादोन ते पावणेतीन. वीस मजले चढून झाले तरी ४५ ते ५५. उतरायला चढण्याच्या साधारण एक तृतीयांश.

पाठीवर ओझं घेऊन लांब चालणाऱ्यांसाठी याहून नेमकं सूत्र आहे का?

आहे. पँडॉल्फ यांचं १९७७ चं सूत्र मूळ सैनिकांसाठी बनलं, पण हमाली आणि डोंगरातल्या वाहतुकीला तेच वापरतात. वॅट = १.५ × व + २ × (व + ओ) × (ओ ÷ व)² + ज × (व + ओ) × (१.५ × ग² + ०.३५ × ग × च). इथे व म्हणजे वजन आणि ओ म्हणजे ओझं, दोन्ही किलोत. ग म्हणजे गती, मीटर प्रति सेकंद. च म्हणजे चढ, टक्क्यांत. ज म्हणजे जमीन. डांबरी रस्त्याला ज = १, कच्च्या रस्त्याला १.१, सैल वाळूला २.१.

६५ किलोचा माणूस, २५ किलो ओझं, कच्चा सपाट रस्ता, सेकंदाला १ मीटर: ९७.५ + २६.६ + १४८.५ = सुमारे २७३ वॅट, तासाला २३४ किलोकॅलरी. म्हणजे ३.६ मेट. यादीतला ओझ्याचा आकडा याहून बराच वर आहे. इथे चाल संथ आणि रस्ता सपाट आहे. तीच माणसं सैल वाळूवर चालली तर तिसरा तुकडा जवळजवळ दुप्पट होतो. उतारावर हे सूत्र वापरू नये, तिथे ते चुकतं.

ओझं कुठे आहे यानेही फरक पडतो. पायातल्या बुटांचा एक किलो पाठीवरच्या किलोच्या साधारण पाच पट महाग पडतो. सुरक्षा-बुटांचं वजन नोंदीत घ्या.

मनगटी घड्याळ जो आकडा दाखवतं तो धरावा का?

कामाच्या बाबतीत नको. २०१७ च्या एका गाजलेल्या अभ्यासात सात मनगटी यंत्रं तपासली होती. हृदयाच्या ठोक्यांची मोजणी बहुतेकांची ठीक निघाली. ऊर्जाखर्चात मात्र सर्वांत बऱ्या यंत्राचीही सरासरी चूक २७ टक्के होती आणि सर्वांत वाईटाची ९३ टक्के. ती तपासणी चालणं, धावणं, सायकल यांवर झाली होती. गोदामात अडचणी वाढतातच: ढकलगाडीचा दांडा धरला की मनगट हलत नाही आणि पावलं गळतात; खडखडत्या वाहनात बसून नसलेली पावलं जमा होतात; पोतं पोटाशी धरून उभं राहिलं तर घड्याळाच्या लेखी तो विसावा. पाळीत केव्हा हालचाल झाली आणि केव्हा नाही, ही वेळ टिपायला मात्र घड्याळ कामाचं आहे.

छातीच्या ठोक्यांवरून काढलेला अंदाज?

मध्यम ते जोराच्या, सलग, पायांच्या कामात बरा. २००५ च्या एका प्रचलित सूत्रात पुरुषासाठी मिनिटाच्या किलोकॅलरी = (−५५.०९६९ + ०.६३०९ × ठोके + ०.१९८८ × वजन + ०.२०१७ × वय) ÷ ४.१८४. आता यात ३५ वर्षांचा, ६४ किलोचा माणूस बसवा आणि ठोके ८० ठेवा. तासाला जवळजवळ २१७ किलोकॅलरी येतात. खुर्चीत बसलेल्या माणसाचे खरे ८०-८५ असतील. सूत्र व्यायामासाठी बनलेलं आहे, त्याला बसणं कळत नाही.

उष्णतेने आणखी बिघडतं. उकाड्याने किंवा पाणी कमी पडल्याने दहा ठोके वाढले, तर हे सूत्र मिनिटाला दीड, म्हणजे तासाला ९० किलोकॅलरी फुकट जमा करतं. डोक्यावर हात धरून करायचं काम, जड वस्तू एका जागी धरून ठेवणं, साहेबाचं ओरडणं, कॉफी, या सगळ्यांनी ठोके वाढतात आणि ऑक्सिजनचा खर्च त्या मानाने वाढत नाही. ठोके दाबून ठेवणारी बीटा-ब्लॉकर गोळी चालू असेल तर उलट घडतं. भट्टीजवळच्या कामाला ही रीत वापरूच नये.

घाम जास्त आला म्हणजे कॅलरी जास्त जळल्या?

नाही. घाम हे शरीराने बाहेर टाकलेल्या उष्णतेचं लक्षण. लिटरभर घाम अंगावर सुकताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता ओढून नेतो, यावरून ‘लिटरमागे ५८० जळल्या’ असा समज पसरला आहे. त्या उष्णतेतला बराच भाग उन्हातून किंवा भट्टीतून अंगात शिरलेला असू शकतो. घाम आणि वजनकाटा यांवरून पाणी किती प्यायचं ते ठरवा, जेवण नव्हे.

दिवसभर डोकं चालवून थकवा येतो. त्यात किती जातात?

मेंदू विश्रांतीच्या खर्चाचा सुमारे पाचवा हिस्सा खातो, पण तो झोपेतही खातोच. अवघड आकडेमोड केली म्हणून त्यात फारशी भर पडत नाही. बैठ्या कामाला १.५ मेट धरा आणि पुढे चला. थकवा आणि कॅलरी यांचं नातं एरवीही सैल आहे. तासभर छत घासून खांदे भरून येतात, आकडा मात्र बेताचाच असतो.

या आकड्यांवरून विसावा किती द्यायचा ते काढता येतं का?

ढोबळ काढता येतं. मरेल यांचं सूत्र: विसाव्याची मिनिटं = एकूण मिनिटं × (कामाचा खर्च − ५) ÷ (कामाचा खर्च − १.५). खर्च मिनिटाच्या किलोकॅलरींत; ५ ही टिकवता येण्याजोगी मर्यादा आणि १.५ विसाव्याचा खर्च. फावड्याचं ६.५ मेटचं काम ६४ किलोच्या माणसाला मिनिटाला जवळपास ७ पडतं. तासात ६० × २ ÷ ५.५, म्हणजे जवळजवळ २२ मिनिटं विसावा. ५ हा आकडा धडधाकट पुरुष समोर ठेवून घेतलेला आहे. लहान चणीच्या किंवा वय झालेल्या माणसाला ४ घ्या, तेवढ्यानेच विसावा ३३ मिनिटांवर जातो. एकदम मोठी सुटी देण्यापेक्षा तुकड्या-तुकड्यांनी दिलेली जास्त उपयोगी पडते. हे सूत्र उकाडा धरत नाही, हे विसरू नका.

कष्टाची नोकरी असूनही वजन का उतरत नाही?

भूक वाढते, सुटीच्या दिवशी माणूस जागचा हलत नाही, आणि मुरलेला कामगार तेच काम कमी हालचालीत उरकतो. शरीरही इतरत्र काटकसर करतं असं दिसतं: २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापात टांझानियातल्या शिकारीवर जगणाऱ्या हाडझा लोकांचा दिवसाचा एकूण खर्च, शरीराचा आकार लक्षात घेतल्यावर, शहरी पाश्चात्त्यांपेक्षा वेगळा निघाला नाही. वजनासाठी पाळीच्या आकड्यावर विसंबू नका. दोन-तीन आठवडे रोज एकाच वेळी वजन करा आणि त्याचा कल पाहा.

सगळ्यात अचूक मोजमाप कोणतं?

दुहेरी चिन्हांकित पाणी. जड हायड्रोजन आणि ऑक्सिजन-१८ असलेलं पाणी पाजून एक-दोन आठवडे लघवीचे नमुने तपासतात. दिवसाची सरासरी उत्तम मिळते, पण कुठल्या कामाला किती गेले हे कळत नाही. ते हवं असेल तर तोंडावर मुखवटा लावून श्वासातला ऑक्सिजन मोजणारं यंत्र पाठीवर बांधावं लागतं. ते खर्चिक आहे, आणि मुखवटा लावून कोण नेहमीसारखं काम करतो?

अंदाज लिहून ठेवताना काय काय लिहावं?

नुसता आकडा नको. वजन, मिनिटांची वाटणी, यादीची आवृत्ती, एकूण की निव्वळ, आणि चुकीची हद्द. नीट मोजलेल्या मिनिटांवरही १५ टक्के इकडेतिकडे धरा. मिनिटं आठवून लिहिली असतील तर ३० टक्के. वरच्या उदाहरणाची नोंद अशी होईल: ‘६४ किलो, पाळी ५१० मिनिटं, त्यात ओझं ११०, २०११ ची यादी, उभ्याच्या कामाला २.५ घेतले, एकूण खर्च अंदाजे १,५६०, हद्द १,३०० ते १,८००, दोन दिवसांची नोंद, पहिला दिवस वगळला.’ १,५५९.५ असं दशांशासकट लिहिलेलं दिसलं, तर लिहिणाऱ्याला आधी मिनिटांचा कागद मागा.